कोकरेबाईंच्या उघड्या फायली

दारात कुणाची सावली पडली की कोकरेबाईंच्या कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका यायची. डोळा वर न करता, डाव्या अंगठ्यानं एक कळ धरून उजव्या हातानं दुसरी दाबली, की वकिलाचा अर्ज जाऊन तिथं ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ उभं राहायचं. वधूवरांची नावं नाहीत, मुहूर्त नाही, स्थळ नाही. नुसता सांगाडा. इंदापूरच्या कोर्टातले गानबोटे वकील एकदा म्हणाले, “बाई, तीन वर्षं हे लग्न चाललंय. एकदाच्या अक्षता टाकून टाका.”

बाई हसल्या नाहीत. “कागद ठेवा हितं,” म्हणाल्या. “पानं किती हायती ती तुमी मोजा. मी बी मोजते.”

मी त्यांच्या दाराशी टाइपरायटर घेऊन बसायचो. कोर्टाच्या कंपाउंडला लागून पत्र्याची शेड होती. तिच्यात मुद्रांकवाले, अर्ज लिहून देणारे आणि माझ्यासह दोघे टायपिस्ट. शेडच्या टोकाला एक पक्का गाळा होता, बाईंच्या भावाचा. त्यात आधी खताची पोती असायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एक दिवस पोती गेली, भिंतींना चुना लागला आणि आत कॉम्प्युटर आला. माझी तोवर टाइपरायटरवर वीस वर्षं गेलेली. चार कार्बन घालून पाच प्रती काढताना बोटांची पेरं ठणकायची. आणि आत ही पस्तिशीची बाई, चपला दाराबाहेर काढून, पदर खोचून मशीनपुढं बसायची, आणि तिच्या कळांचा आवाजसुद्धा बाहेर यायचा नाही. इतकं काम आवाज न करता होतंच कसं, याची मला पहिल्या दिवसापासून शंका.

कोकरे मंडळी वडिलांच्या काळापर्यंत मेंढरं राखायची. मग कालव्याचं पाणी आलं आणि शेती आली. बाई बारामतीला बहिणीकडं राहून कॉम्प्युटरचा क्लास करून आल्या होत्या. एवढंच आम्हाला ठाऊक. एकदा एवढ्या फायली कशा सांभाळता यावर बोलणं निघालं तेव्हा जगदाळे वकील मोठेपणानं म्हणाले, “रक्तातच आहे. कळपातली एक मेंढी कमी झाली तरी कळणार.” बाईंनी मान न वळवता सांगितलं, “मेंढरं माझा भाऊ राखायचा, साहेब. मी शाळंत जायचे.”

त्या मशीनला माउस नव्हता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि मराठी उमटावं म्हणून आत बसवलेलं वेगळं कार्ड. सकाळी आल्या की बाई सात-आठ फायली एकदम उघडायच्या. कुणाचा दावा, कुणाची कैफियत, कुणाचं प्रतिज्ञापत्र. सगळ्या एकामागं एक उभ्या, पण पडद्यावर दिसायची एकच. दोन कळा दाबल्या की पुढची, दुसऱ्या दोन दाबल्या की मागची. जगदाळे वकिलांचा दावा चालू असताना मधेच गानबोटे वकिलांची दुरुस्ती आली, तर तिकडं जाऊन ती ओळ बदलायची आणि परत दाव्यात, बरोबर ज्या शब्दावर सोडलं होतं त्याच शब्दावर. आणखी एका कळीनं उघड्या फायलींची यादी यायची. ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चक्रावलो. इंग्रजी अक्षरांत एकाखाली एक लिहिलेलं : मेथी, शेपू, गवार, दोडका.

“हा काय भाजीबाजार मांडलाय, बाई?”

“वकिलाचं न्हायतर पक्षकाराचं नाव टाकलं, तर समोर बसलेला वाचंल,” बाई म्हणाल्या. “मेथी कुणाची हाय ते माझं मला ठावं.”

“आणि तुम्हीच विसरलात तर?”

“इसरायला काय झालं?”

दुसरीही एक गोष्ट माझ्या डोळ्यांत सलायची. पडदा मधोमध आडवा दुभागायचा, वर जुना दावा, खाली नवा अर्ज, आणि वरची जमिनीची चतुःसीमा उचलून जशीच्या तशी खाली ठेवायची. शेवटी लागणारा ‘वर लिहिलेला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे’ हा परिच्छेद तर एका फायलीत कायमचाच ठेवलेला. मी तो हजार वेळा टाइप केला असेल. बाईंनी एकदाच केला होता. ही मला सरळसरळ लबाडी वाटायची. शिवाय एकाचा मजकूर दुसऱ्यात जायला कितीसा वेळ? एक कळ चुकली की संपलं. मी तसं बोलून दाखवलं.

“म्हणून तर छापायच्या आधी परत्येक फायलीच्या डोक्यावर जाते, तात्या. पहिल्या ओळीत खूण ठेवलेली असती. ती बघायची, पुसायची, मग छापायचं.”

“आणि खूण बघायचीच राहिली तर?”

“तुमचा कार्बन उलटा लागतो तवा तुमी काय करता?”

पण माझ्या मनातून शंका गेली नाही.

बाईंचाही कुणावर विश्वास नव्हता. विजेवर तर अजिबात नाही. प्रत्येक परिच्छेद संपला की फाईल साठवून ठेवायच्या, आणि कुणी बोलायला लागलं तर हात वर करून थांबवायच्या : “आधी ठिवू द्या, मग बोला.” एकदा गानबोटे वकिलांची चौदा पानांची कैफियत चालू असताना वीज गेली. वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. बाई म्हणाल्या, “दीड ओळ गेली, साहेब. बाकीचं हाय.” वीज आली तेव्हा बघितलं, तर खरंच दीडच ओळ गेली होती. माठातलं पाणी प्यायला शेडपलीकडं जायचं तरी गाळ्याला कुलूप. मी दारातच बसलेला असायचो, तरीही. त्या कुलपाचा मला फार राग यायचा.

एकदा त्या कुलूप लावायला विसरल्या. भावाच्या पोराला शाळेत लागलं होतं म्हणून निरोप आला आणि त्या तशाच धावल्या. मी इकडं तिकडं पाहिलं आणि आत शिरलो. पडद्यावर लग्नपत्रिका. मला ती दोन कळांची जोडी बघून बघून माहीत झाली होती, असं वाटत होतं. दाबली, तर ‘क’ उमटला. दुसरी दाबली, तर आणखी चार. घाबरून मी एकेक पुसलं, पत्रिका होती तशी केली आणि बाहेर येऊन माझ्या टाइपरायटरवर उगाच रिकामा कागद चढवला. बाई तासाभरानं आल्या. आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या.

“तात्या, माझ्या मशीनला हात लावला का?”

“नाही बा.”

“कर्सर तिसऱ्या ओळीवर हाय. मी पहिलीवर ठेवून गेल्ते.”

आता शेडभर बोभाटा करतील असं वाटलं. पण त्या दारातच उंबऱ्यावर बसल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलल्या.

“कोऱ्हाळ्याला माझं सासर हाय. हाय म्हंजी व्हतं. सासऱ्यानं एकदा कागद आणला. म्हनला, रेशनकार्डासाठी सही पायजे. चुलीवर दूध व्हतं. मी सही केली आन् दूध उतरवलं. ती सोडचिठ्ठी व्हती. माझ्या खुशीनं मी नांदायला न्हाय म्हनते, असं त्यात लिवलं व्हतं. मला वाचता येत व्हतं, तात्या. दहावी झाल्ती माझी. फकस्त वाचलं न्हाय.”

उठताना म्हणाल्या, “तुमाला बघायचंच असंल तर मला सांगा. मी दावीन कळा. चोरून नगा बघू.”

मी तेव्हा माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

यानंतर वर्षभरात ते वाटेचं प्रकरण झालं. डाळजच्या शिवारात दोन भावकींत गाडीवाटेवरून दावा चालला होता. वाट मागणाऱ्याचे वकील जगदाळे, अडवणाऱ्याचे गानबोटे, आणि दोघांचंही टायपिंग कोकरेबाईंकडं. जगदाळे वकिलांनी ठरवलं, की कोर्टानं कमिशनर नेमून वाट जागेवर जाऊन बघावी. बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेल्या, दोन्ही बाजूंना बांध, बघताक्षणी वाट कळण्यासारखी. अर्ज बाईंनी टाइप केला, छापला, तो दुसऱ्या दिवशी दाखल व्हायचा होता. त्या दिवशी सकाळी जगदाळे वकिलांचा पक्षकार धापा टाकत शेडमध्ये आला. समोरच्यांनी पहाटे ट्रॅक्टर घालून वाट नांगरून टाकली होती. बांधासकट. कमिशनर आता काय ढेकळं बघणार?

अर्ज कुणाकुणाला माहीत होता? वकिलांना, त्यांच्या कारकुनाला, पक्षकाराला आणि कोकरेबाईंना. आणि बाईंच्या त्याच मशीनवर, त्याच घटकेला, समोरच्या वकिलांची फाईल उघडी होती.

जगदाळे वकील माझ्या टेबलाशी आले. आवाज मुद्दाम खाली आणून म्हणाले, “तात्या, तुम्ही रोज शेजारी बसता. काय करते ती?”

मी काय सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणालो, “आमचं काम वेगळं, साहेब. पण एकाची फाईल उघडी असताना दुसऱ्याची उघडते. वर एकाचं, खाली दुसऱ्याचं ठेवते. इकडचं उचलून तिकडं टाकते. कुणी आलं की पडदा बदलते. नावंही खरी ठेवत नाही.”

यातला एक शब्द खोटा नव्हता.

दोन दिवसांत वकिलांच्या बार रूममध्ये तेच बोलणं. बाईंच्या गाळ्यापुढून जाताना लोक आत डोकावून पुढं जायचे. एका वकिलानं आपले कागद परत नेले आणि प्रत्येक पान उलटून पाठीमागं काही लिहिलंय का ते पाहिलं. गानबोटे वकील आपल्यावर बालंट नको म्हणून यायचे थांबले. जगदाळे वकील मात्र येत राहिले, कारण त्यांना बाईंना रंगेहाथ पकडायचं होतं. त्यांनी एक खोटा अर्ज हातानं लिहिला : येत्या गुरुवारी अमुक गटाची सरकारी मोजणी करून मिळावी. हा दाखल करायचाच नव्हता. गुरुवारच्या आत समोरच्यांनी काही हालचाल केली, की बाई सापडल्या. मला त्यांनी साक्षीला म्हणून दारात उभं केलं.

बाईंनी कागद वाचला. टाइप करायला घेतला आणि दोन ओळींवर थांबल्या. पडदा दुभागला. वर जुना दावा आणला, खाली हा अर्ज. बोट लावून म्हणाल्या, “साहेब, वर तुमच्या पक्षकाराचा गट वेगळा हाय. खाली लिवलाय तो त्याचा न्हाय. समोरच्याचा बी न्हाय.”

जगदाळे वकिलांनी गडबडीत मनाला येईल तो आकडा टाकला होता. ते कागदाकडं बघत राहिले. बाईंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं. मग अगदी हळू म्हणाल्या, “मला धरायचंच असंल, साहेब, तर निदान गट नंबर तरी खरा टाका.”

आता तरी प्रकरण मिटेल असं मला वाटलं. पण बाहेर येताच जगदाळे वकील म्हणाले, “बघितलंत? लगेच ओळखलं तिनं. मनात काही नसतं तर ओळखलं असतं का?” आणि बार रूममध्ये हाच पुरावा झाला. पुढं बाईंनी काहीही केलं असतं तरी ते त्यांच्या विरुद्धच गेलं असतं.

दोन महिन्यांत गाळ्याचं शटर सकाळी उघडेनासं झालं. बारामतीच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला गेल्या असं भावानं सांगितलं. मशीन टेम्पोत चढवताना मी तिथं होतो. हात लावायला पुढं झालो, तर भाऊ म्हणाला, “राहू द्या तात्या, आमी घेतो.” बाई गेल्या, आणि माझ्या टेबलापुढं पुन्हा माणसं उभी राहायला लागली. जगदाळे वकिलांचं सगळं काम माझ्याकडं आलं.

एक दिवस आमचा नेहमीचा चहावाला गावाला गेला होता, म्हणून मी जगदाळे वकिलांच्या ऑफिसामागच्या बोळातल्या टपरीवर गेलो. बाकड्यावर बसलो, कप हातात आला, आणि डोक्यावरून स्पष्ट आवाज आला : “अर्जदार नम्रपणे विनंती करतो की, स्वल्पविराम...” वर बघितलं. उघडी खिडकी. जगदाळे वकील आत येरझाऱ्या घालत, कोर्टात बोलावं तशा खड्या आवाजात, कारकुनाला अर्ज सांगत होते. त्यांना साधं बोलताच यायचं नाही. आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस मान तिरकी करून बसला होता. त्याच्या बशीतल्या चहावर साय धरली होती. मी त्याला ओळखलं. डाळजच्या दाव्यात समोरच्या पक्षकाराचा मेव्हणा. प्रत्येक तारखेला यायचा. त्यानं मला बघितलं, चहा एका घोटात संपवला आणि गेला. दुपारी तोच अर्ज टायपिंगला माझ्याकडं आला. बोळात ऐकला होता, त्यातला स्वल्पविरामही बदललेला नव्हता.

मी हे कुणाला सांगितलं नाही. उद्या सांगू, म्हणत म्हणत दीड महिना काढला. कुणी विचारलंही नव्हतं आणि काम भरपूर होतं. पण टाइप करताना ‘माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे’ इथं आलो की बोटं अडखळायची. शेवटी एका रविवारी बारामतीची एसटी धरली.

क्लास एका दुकानावरच्या माडीवर होता. सहा मशिनी, दहा-बारा पोरी, आणि मधून फिरणाऱ्या कोकरेबाई. “हात कळांवरनं उचलू नगा. पुढच्या फायलीत जायच्या आधी ही साठवली का?” मला बघून त्या थबकल्या. जिन्यात घेऊन आल्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं : टपरी, खिडकी, मेव्हणा.

“कवा कळलं तुमाला?”

“दीड महिना झाला.”

खालून दुकानातला रेडिओ ऐकू येत होता.

“जगदाळे साहेबांनी इचारलं तवा तुमी काय सांगितलं व्हतं?”

तेही सांगितलं. वर एकाचं, खाली दुसऱ्याचं, सगळं.

“मग खरंच सांगितलं की तुमी,” बाई म्हणाल्या. “मी करतच व्हते इकडचं तिकडं.”

“बाई, माझं चुकलं. म्हणून तर सांगायला आलो.”

“मला कशाला सांगता?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “मी केलं न्हाय, ते मला पयल्यापासनं ठावं हाय. ज्यास्नी ठावं न्हाय त्यास्नी सांगा.”

आणि त्या वर गेल्या. शिकवण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी बार रूममध्ये गेलो. आम्ही टायपिस्ट लोक तिथं कागद द्यायला जायचो, बोलायला नव्हे. डबे उघडलेले होते. मी दारातच उभा राहून बोलायला लागलो, कारण आत जाऊन बसलो असतो तर बोलणं झालं नसतं. टपरीचं सांगितलं, मेव्हण्याचं सांगितलं, आणि आपण जगदाळे साहेबांना बाईंबद्दल काय बोललो होतो तेही सांगितलं. जगदाळे वकिलांचा घास हातातच राहिला. “तात्या,” ते म्हणाले, “तुम्हाला काम जास्त झालंय का?” कुणीतरी हसलं. गानबोटे वकील वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली न करता म्हणाले, “जगदाळे, खिडकी लावत जा.”

एवढंच. पण सगळ्यांना कळलं.

जगदाळे वकिलांनी त्या दिवसापासून मला एक पान दिलं नाही. खिडकीला मात्र नवी कडी लागली. वाटेचा दावा पुढं दोन्हीकडची माणसं थकल्यावर आपसांत मिटला. गानबोटे वकिलांनी बारामतीला निरोप धाडला, की बाईंनी पुन्हा गाळा उघडावा, पहिलं काम आपलं. बाईंनी उलट निरोप दिला, की पोरींचा क्लास अर्ध्यावर सोडता येत नाही.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. भाचीच्या कॉलेजसाठी रहिवासी दाखला काढायला त्या इंदापूरला आल्या होत्या. शेडपुढून गेल्या तेव्हा दोन-तीन वकिलांनी उठून नमस्कार केला. त्यांनीही केला, थांबल्या नाहीत. मी टाइपरायटरवर झाकण घातलं आणि मागोमाग स्टँडवर गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. आम्ही दोघं शेजारी उभं राहून बारामतीच्या गाडीची वाट बघत राहिलो. गाडी लागली आणि एकच झुंबड उडाली. लोक खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत टाकून जागा धरायला लागले. त्या गर्दीत बाईंना जागा मिळण्याची आशा नव्हती.

“पिशवी द्या,” मी म्हणालो. “खिडकीतून टाकतो. जागा धरतो.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पिशवीत हात घालून दाखला काढला, घडी करून मुठीत धरला, आणि पिशवी माझ्या हातात दिली. मी टाचा उंचावून तिसऱ्या खिडकीतून ती आतल्या बाकावर टाकली. बाई गर्दीतून रेटत चढल्या. जागेवर बसल्यावर त्यांनी आधी पिशवी उघडून आत बघितलं. मग खिडकीतून माझ्याकडं बघून मान हलवली.